पिवळ्या पट्टीखाली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. दोनदा अगदी जिभेवर आलं होतं — दोन्ही वेळा मी विषय बदलला. एकदा तर गॅसवरचं दूध बघायला म्हणून उठून गेले, आणि गॅसवर दूध नव्हतंच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की तसंही नाही — मला खरंच नीट सांगता येत नाही.

हल्ली फोनवर काही वाचायला घेतलं की कधी कधी आधी एक ओळ येते. पुढच्या मजकुरात अमुक प्रसंग आहे, त्रास होण्यासारखा आहे, वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझी मुलगी म्हणते, "किती बरं आहे ना आई हे. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं."

नव्हतं कसं? होतं. मरोळला, आमच्या वसाहतीत होतं. त्या पट्ट्या मी माझ्या हातानं चिकटवायचे. पण हे मी तिला सांगत नाही. सांगायला गेले तर पुढचंही सांगावं लागेल — आणि पुढचं सांगायला तोंड कुठलं आणू?

थोडं फिरून यावं लागेल मला. चालेल ना?

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. संपात बाबांची गिरणी सुटली होती आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. आम्ही मूळचे कुडाळकडचे. हाउसिंग बोर्डाच्या नऊ नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. समोर दहा नंबर. मधे इतकंच अंतर, की या गॅलरीतून हाक मारली की त्या गॅलरीतून ओ यायची. आणि आमच्या बरोबर समोर सुजाता राहायची.

सुजाता माझ्याच वर्गात, माझ्याच कॉलेजात. तिचे वडील — आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणायचो — टपाल खात्यात होते. नगर जिल्ह्यातलं बौद्ध कुटुंब. सुजाता बोलायला तिखट. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमची नक्कल अशी करायची की मला हसून हसून ठसका लागायचा. आणि लिहायची. मीही लिहायचे, पण माझं लिहिणं म्हणजे निबंध. तिचं वाचताना वाटायचं, आपल्याशी कुणीतरी जिन्यात उभं राहून बोलतंय.

फळ्याची कल्पना पाटकर सरांची. सर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, एकटेच राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले. जिन्याखालच्या भिंतीवर त्यांनी सुताराकडून एक मोठा लाकडी फळा ठोकून घेतला आणि जाहीर करून टाकलं — वसाहतीतल्या कुणीही काहीही लिहून आणावं, दर रविवारी आम्ही ते लावू. आम्ही म्हणजे सर, सुजाता आणि मी. प्रत्येक लेखाखाली एक कोरा कागद असायचा आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. वाचणाऱ्यानं आपलं मत तिथंच लिहायचं. आणि लोक लिहायचे हो! कविता, पाण्याच्या तक्रारी, कुणाच्या तरी गावच्या जत्रेचं वर्णन — आणि खाली पेन्सिलीतली भांडणं. रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका संपली की अर्धी वसाहत त्या जिन्याखाली जमायची.

मग एकदा एका मुलानं गोष्ट दिली. एक लहान मूल तापानं फणफणतं, डॉक्टर येईपर्यंत जातं. गोष्ट चांगली होती. आम्ही लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या चव्हाणकाकू भाजी घेऊन येत होत्या, त्या वाचायला थांबल्या. त्यांचा धाकटा मुलगा वर्षापूर्वी तसाच गेला होता. आमच्या तिघांच्याही हे डोक्यात आलं नाही — येऊ नये? काकू पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांचे मिस्टर आले आणि हाताला धरून त्यांना वर घेऊन गेले.

त्यानंतर काकू आमच्या जिन्यानं येईनाशा झाल्या. मागून, कचऱ्याच्या बाजूनं यायच्या.

नियम सुजातानं सुचवला. सरांच्या घरी बसून तिनं तो बोलून दाखवला आणि सरांनी मान डोलावली. असा काही मजकूर असेल तर कागद वरून खाली दुमडायचा, टाचणी लावायची, आणि वर पतंगाच्या पिवळ्या कागदाची पट्टी. पट्टीवर आत काय आहे ते सरळ लिहायचं — 'यात लहान मुलाचा मृत्यू आहे', 'यात नवऱ्यानं बायकोला मारल्याचा प्रसंग आहे'. सुजाता म्हणाली, "काय आहे ते सांगायचं. वाचू नका असं नाही सांगायचं. ज्याचं त्याला ठरवू दे ना."

पट्टी लागलेली पहिली गोष्ट आम्ही लावली तेव्हा चव्हाणकाकू पुन्हा पुढच्या जिन्यानं आल्या. थांबल्या, पट्टी वाचली आणि वर गेल्या. मी आणि सुजाता कठड्याआडून बघत होतो. तिनं माझा हात इतका घट्ट धरला! तो दिवस चांगला होता. आपण काहीतरी बरं केलं, असं त्या दिवशी खरंच वाटलं होतं.

आता मुद्द्यावर येते. येतेच आता.

सुजातानं एक लेख लिहिला. नाव 'सतरंजी'. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या घरी ती अभ्यासाला जाते, तिथं तिच्यासाठी निळी सतरंजी अंथरतात. आणि ती जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती सतरंजी समोरच्या गॅलरीत दोरीवर ओली दिसते. 'आधी मला वाटलं, योगायोग असेल,' तिनं लिहिलं होतं. 'मग मी मुद्दाम काही दिवस गेले नाही. दोरी रिकामी. पुन्हा गेले. सतरंजी पुन्हा दोरीवर.' पुढे होतं — 'तिची आई मला पोटभर जेवू घालते. मला कावीळ झाली तेव्हा रोज पेज पाठवायची. म्हणून मला धड रागावताही येत नाही.' आणि अगदी शेवटी — 'माझ्या मैत्रिणीला हे ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर तिनं मला सांगितलं असतं.'

वसाहतीत निळी सतरंजी एकाच घरी होती. आमच्या.

आणि मला ठाऊक होतं.

नुसतं ठाऊक नव्हतं. सुजाता जिना उतरली की आई म्हणायची, "शैला, ती सतरंजी पाण्यात घाल गो." तिच्या आवाजात राग नसायचा, तिटकारा नसायचा — दिवेलागणीला दिवा लाव म्हणावं तसं म्हणायची. मी घालायचे. सकाळी पिळायला दोघी लागायच्या, जाडजूड होती ती. एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. आई तिकडे पीळ द्यायची, मी इकडे. मग मीच ती गॅलरीत नेऊन दोरीवर टाकायचे. समोर सुजाताचं घर. कधी ती गॅलरीत असायची. मी हात हलवायचे तिला. सतरंजी वाळत घालता घालता हात हलवायचे — कळतंय का तुम्हाला?

कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी समतेवर बोलले होते. बक्षीस मिळालं होतं. पहिल्या रांगेत बसून सर्वात जोरात टाळ्या सुजातानं वाजवल्या होत्या.

आईला मी एकदाही का विचारलं नाही? विचारलं असतं तर आई चिडली असती, चार दिवस अबोला धरला असता. बस. एवढंच. एवढ्याला मी घाबरत होते.

लेख तिनं माझ्या हातात दिला तो शुक्रवार होता. त्या शनिवार-रविवारी मावसबहिणीच्या लग्नाला ती दहिसरला जाणार होती. म्हणाली, "तू वाच, सरांना दाखव. लावायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा." माझ्याकडे बघत होती. मी लगेच वाचला नाही, पर्समध्ये ठेवला. तिला काय हवं होतं? आज वाटतं — मी वाचावं आणि काहीतरी बोलावं, एवढंच हवं होतं. लेख फळ्यासाठी नव्हताच कदाचित. माझ्यासाठी होता.

सरांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "एक अक्षर बदलायचं नाही. आणि पट्टी नको याला. यात मरण नाही, मारहाण नाही. ज्याला लागेल त्याला लागू दे." मैत्रीण कोण, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या तळमजल्यावरून आमची गॅलरी दिसायची नाही.

रविवारी सकाळी मी एकटीच फळ्यापाशी होते. सरांना दम्याचा त्रास सुरू झाला होता, ते पडून होते. मी सगळे कागद लावले. शेवटी 'सतरंजी'. लावला — आणि मग दुमडला. टाचणी लावली. पिवळी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'या मजकुरामुळे काहींच्या भावना दुखावतील. शक्यतो वाचू नये.'

कुणाच्या भावना? कुठला मजकूर? सुजाताच्या नियमाप्रमाणे मला लिहावं लागलं असतं — 'यात एका घरी जातीवरून पाळलेल्या विटाळाची गोष्ट आहे.' ते लिहिलं असतं तर अख्ख्या वसाहतीनं वाचलं असतं. म्हणून 'भावना दुखावतील' असं लिहिलं. चव्हाणकाकूंसाठी केलेली पट्टी मी माझ्या घराची दोरी झाकायला वापरली. लेख फाडून टाकायची माझ्यात हिंमत नव्हती, तो तसाच उघडा ठेवायचीही नव्हती. मग हे सापडलं — दिसायला काळजी, आणि आतून नुसती माझी लाज. आईनं धुतल्याची लाज नव्हे. लोकांना कळेल, याची लाज.

आत काय आहे हे पट्टीनं सांगितलं नाही की लोक काय करतात? आपल्या मनानं भरतात. घडीखाली सुजाताचं नाव दिसतच होतं, सोमवारपर्यंत कुजबुज सुरू झाली. टाचणी काढून आत डोकावायचं धाडस बायकांना होईना, चारचौघांत कोण काढणार? आणि पोरं पट्टीकडे बघून फिदीफिदी हसत होती. खालच्या कागदावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'मुलीच्या जातीनं असलं लिहावं?' न वाचताच. शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, "काय गं, घाणेरडं लिहिलंय का तिनं काही?"

मी म्हणाले, "मला नाही सांगता यायचं, वहिनी."

हे वाक्य मला पट्टीपेक्षाही जास्त आठवतं. 'नाही हो, तसं काही नाही' — एवढं तोंडातून निघायला काय हरकत होती? नाही निघालं.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्या इमारतीसमोर सर्वांदेखत अण्णांना थांबवलं. म्हणाले, मुलीला जरा सांभाळा, काय काय लिहितेय, वसाहतीत लहान पोरं आहेत. अण्णा कामावरून येत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते फळ्यापाशी गेले. टाचणी काढली, कागद उलगडला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. सावकाश. मी वरच्या पायरीवर होते. ते आता ओरडतील, कुणाला तरी धरतील, असं मला वाटलं. त्यांनी कागद पुन्हा होता तसा, त्याच घडीवर दुमडला. टाचणी जागच्या जागी लावली. मग वर बघितलं. मला बघून म्हणाले, "जेवलीस का गं?" नेहमी विचारायचे तसंच. मी मान हलवली. ते दहा नंबरकडे गेले.

सुजाता लग्नघरी आणखी राहून मंगळवारी आली ती थेट फळ्यापाशी. मला खाली बोलावून घेतलं. तिच्या हातावर लग्नातली मेंदी होती.

"हे कोणी लिहिलं?"

अक्षर माझं होतं. तिला माझं अक्षर झोपेतही ओळखता आलं असतं.

"मी लिहिलं. पण —"

"पण काय?"

आणि मी म्हणाले, "सरांनी सांगितलं."

ठरवून नाही म्हणाले. पण म्हणाले. आणि एकदा म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं — सर म्हणाले, उगाच वाद होतील, सगळी वसाहत एकोप्यानं राहते, झाकून लाव. मी नको म्हणत होते, पण सरांपुढे काय बोलणार?

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला कळलं. मग ती हळूच म्हणाली, "सर? सर असं म्हणाले?"

"हो."

"वाटलं नव्हतं यार." तिनं टाचण्या काढल्या, लेख काढला, पट्टी मात्र फळ्यावरच ठेवली. "तू वाचलास ना पूर्ण?"

"हो."

ती थांबली. मी बोलावं म्हणून थांबली होती. मी फळ्यावरची पट्टी नखानं खरवडत बसले.

एवढं झालं, आणि आमची मैत्री तुटली नाही — हे तुम्हाला विचित्र वाटेल. ती माझ्याशी बोलत राहिली, फक्त आमच्या घरी यायची थांबली. आई विचारायची, "सुजाता हल्ली येणा नाय ती? काय झाला गो?" आईला खरंच तिची आठवण यायची. मी म्हणायचे, अभ्यास आहे. सतरंजी पेटीवर घडी करून पडून राहिली.

तुटलं ते सुजाताचं आणि सरांचं. सर तिला एमएला बसवायचं म्हणून मागे लागले होते, पुस्तकं आणून द्यायचे. तिनं सगळी पुस्तकं परत केली. हातात दिली नाहीत, दाराबाहेर पायरीवर ठेवली. रस्त्यात सर समोरून आले तर ती बाजू बदलायची. त्या आठवड्यात सर अंथरुणातच होते, ती पट्टी त्यांनी बघितलीच नव्हती; त्यांना काहीच कळेना. एकदा त्यांनी मला बोलावलं. चहा केला. कपबशी माझ्यापुढे ठेवता ठेवता म्हणाले, "शैला, माझं काही चुकलं का गं तिच्याशी? लेख काढून का टाकला तिनं? मी काही लागेल असं बोललो का कधी?"

समोर बसले होते ते. सत्तरीचा माणूस, श्वास पुरत नव्हता, आणि आठवून आठवून आपली चूक शोधत होता.

मी म्हणाले, "नाही हो सर. परीक्षा जवळ आलीय ना तिची."

फळाही फार टिकला नाही. पट्टीचं हे नवं रूप लोकांना आवडलं. ज्याला जे नको ते झाकायला तो पट्टी मागू लागला. पंप बिघडल्याच्या तक्रारीवर सेक्रेटरींनी पट्टी मागितली — कमिटीच्या भावना दुखावतात म्हणे. मी लावली. का नाही लावणार? रस्ता मीच दाखवला होता. हळूहळू लोक लिहायचे थांबले. सुजातानं तर त्यानंतर एक ओळही दिली नाही. पुढच्या वर्षी अण्णांनी दहिसरला जागा घेतली आणि ते सगळे गेले. टेम्पोत सामान चढवताना मी मदतीला होते. आईनं वाटेत खायला लाडू दिले. सर खिडकीत उभे होते. सुजातानं तिकडे बघितलं नाही. अण्णा मात्र गेले, सरांच्या पाया पडले आणि आले. त्यांना तिनं काही सांगितलं नव्हतं बहुतेक. की सांगितलं होतं, तरी गेले? मला माहीत नाही.

सर दोन-तीन वर्षांनी गेले. वसाहतीच्या आवारात शोकसभा झाली. मी बोलले. चांगलं बोलले — मला बोलता येतं, ते तर तुम्हाला माहीतच आहे. सुजाताला मी कळवलं होतं. ती आली नाही.

त्यानंतर एकदाच भेटलो. वाकोल्याला एका ओळखीच्यांकडे बारसं होतं, तिथं ती आली होती. बँकेत लागली होती, कडेवर मुलगा होता. मला बघून धावत आली, मिठी मारली. आम्ही कोपऱ्यात बसून तास-दीड तास बोललो, तिनं त्या मॅडमची नक्कलसुद्धा केली आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आईची चौकशी केली. मी विचारलं, "लिहितेस का गं?" ती म्हणाली, "छे. कधीच सुटलं ते."

मग तिनं मुलाला मांडीवर घेतलं. मुलाच्या झबल्याचं बटण लावता लावता म्हणाली, "सर गेले तेव्हा यायला हवं होतं मी. पण मन झालंच नाही बघ. दुसऱ्या कुणी केलं असतं तर इतकं लागलं नसतं गं. सरांकडून नव्हती मला ती अपेक्षा."

आम्ही दोघीच होतो. बाकीचे सगळे पाळण्यापाशी होते. सर गेलेले होते, आई म्हातारी झाली होती, मरोळची ती वसाहत आम्ही दोघींनी केव्हाच सोडली होती. माझं नुकसान होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो ना."